वेळासची कासवं आणि कोयनेचं पाणी



ऊस गेला, खोडव्याला पाणी दिलं, आणि मार्चच्या अखेरीस आम्ही पाच-सहा सभासद कराडहून कुंभार्ली घाट उतरलो. जायचं होतं रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, समुद्री कासवं बघायला. घरची मंडळी हसली. "देवळापुढं दगडाचं कासव आहे की! त्यासाठी एवढं लांब कशाला?"

तसं पाहिलं तर वेळास आपल्याला परकं नाही. नाना फडणीसांचं हे गाव. आणि वाटेत लागणारी चिपळूणची वाशिष्ठी तर निम्मी आपलीच. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडं सोडलं जातं, ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीनं अरबी समुद्राला मिळतं. लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय. उन्हाळ्यात पाळी लांबली की आपण ज्या पाण्याचा हिशेब मांडत बसतो, ते हेच.

या चिपळुणात 'सह्याद्री निसर्ग मित्र' नावाची संस्था १९९२ साली निघाली. सरकारी खातं नव्हे की बड्यांचा ट्रस्ट नव्हे, निसर्गाचं वेड असलेली मूठभर माणसं. समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर गेले असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, घरटी उकरून अंडी नेली जातात. उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या कासवाला वाघाइतकंच संरक्षण दिलंय. पण कायदा काही रात्री वाळूत पहारा करत नाही.

तो पहारा या मंडळींनी बसवला, आणि तोही गावातल्याच माणसांचा, मजुरी देऊन. आम्हाला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. बाहेरून येऊन "अंडी खाऊ नका" असं भाषण ठोकलं असतं तर कोणी ऐकलं असतं? पहिल्याच हंगामात ५० च्या आसपास घरटी राखली गेली.

काम कसं चालतं ते पहारेकऱ्यानं आम्हाला दाखवलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते ती जातेच. पोरांचं तोंड बघायला थांबत नाही. पहाटे पहारेकरी तिचा माग काढत फिरतो. वाळूत लहान ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा तो दिसतो. मग अंडी अलगद, न फिरवता काढायची, भरतीच्या रेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुरायची, आणि तारीख नि संख्या लिहून पाटी रोवायची. आपल्या लागणीच्या नोंदीसारखंच. ४५ ते ६० दिवसांनी पिलं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. हे ऐकून आमच्यातले एक थोरले सभासद बराच वेळ वाळूवर हात ठेवून बसले होते.

सकाळी टोपली उचलली. खाली काहीच नाही! मुंबई-पुण्याचे पाहुणे हिरमुसले, काही तर तेव्हाच गाड्या काढून निघाले. आम्ही थांबलो. ज्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी उकडीचे मोदक वाढले. कासव महोत्सव सुरू झाल्यापासून गावात घरोघरी अशी सोय आहे, आणि जो पैसा येतो तो त्या घराच्या हातात पडतो. पुढं संस्था बाजूला झाली तरी गाव आणि वनखातं मिळून काम करतायत.

जेवताना विषय आपल्या नदीवर आला. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. आम्ही तेव्हा काठावर उभे राहून फोटो काढले आणि घरी आलो. काकूंनी विचारलं, "मग तुमच्याकडं नदीवर कोण लक्ष ठेवतं?" कुणालाच उत्तर सुचेना. वार्षिक सभेत दराचा प्रश्न तासभर चालतो, चाललाच पाहिजे, पण मळीच्या पाण्याबद्दल आमच्यापैकी कोणी कधी उभं राहिल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी पुन्हा टोपली उचलली, तर काळी काळी अकरा पिलं! तळहातावर मावतील एवढी. दोरीपलीकडं वाळूवर सोडली तशी ती पाण्याकडं निघाली. एक लाटेनं उलटं पडलं, परत सरळ झालं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. थोरले सभासद पुटपुटले, "आपल्या रोपवाटिकेत एवढी मर झाली असती तर शेती अधिकाऱ्याला धारेवर धरलं असतं."

परतताना पहारेकऱ्यानं एक गोष्ट सांगितली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पंखाला नंबराची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे कृष्णा ज्या समुद्राला मिळते तिथून निघून, लंकेकडून वळसा घालून, कोयनेचं पाणी जिथं उतरतं त्या किनाऱ्याला.

कुणाला जायचं असेल तर पिलांचा काळ साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. मुक्काम आधी ठरवून जावं. रात्री किनाऱ्यावर बॅटरी लावू नये. आणि सकाळी टोपली रिकामी निघाली तर संध्याकाळपर्यंत थांबावं.