विजेची मोटार घेताय? आधी प्लग पाहा, मग गाडी



मुंबईला चेंबूरमध्ये नोकरीला असलेला मुलगा हल्ली फोनवर पीकपाणी विचारून झाले की हळूच विषय काढतो, "आबा, विजेची मोठी गाडी घ्यायचं मनात आहे. दोन पाहून ठेवल्यात. कोणती घेऊ?" पुढे एक वाक्य असते किंवा नसते, पण अर्थ तोच असतो : थोडी रक्कम गावाकडून झाली तर बरे होईल. तेव्हा हा प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाही. घरातला ऊस, कांदा, दूध यांचा पैसा त्यात पडणार असेल, तर घरातल्या सर्वांनी तो समजून घेतला पाहिजे.

चेंबूर आपल्याला परके नाही. आपण पिकाला घालतो ते सुफला आणि उज्ज्वला युरिया बनवणारा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना तिथलाच. पेट्रोल-डिझेल शुद्ध करणारे दोन मोठे कारखाने शेजारच्या माहुलला, आणि मुंबईला वीज देणारे टाटांचे औष्णिक केंद्र ट्रॉम्बेला. धुरामुळे लोक चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणत आले. तिथे राहणाऱ्याला बिनधुराची गाडी हवीशी वाटली तर नवल नाही. ती हौस खोटी नाही. पण हौसेला हिशेबाची जोड हवी.

दोन गाड्या कोणत्या?

सध्या वीस लाखांच्या पुढच्या वर्गात दोन नावे वारंवार ऐकू येतात, आणि दोन्ही गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यात तयार होतात. पहिली महिंद्राची एक्सईव्ही नाईन ई. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आली, चाकणला बनते. दुसरी टाटांची हॅरियर ईव्ही. ती जून २०२५ मध्ये आली, पिंपरीला बनते. आली तेव्हा पहिलीची किंमत २१.९० लाखांपासून आणि दुसरीची २१.४९ लाखांपासून सुरू होत होती. ही शोरूममधली किंमत झाली. विमा आणि घरी बसवायचा चार्जर यांचा खर्च धरून लेखी भाव मागवावा, कारण किमती बदलत असतात.

धंद्यात दोघेही नवखे नाहीत. महिंद्राने बंगळूरची रेवा ही विजेची छोटी मोटार बनवणारी कंपनी २०१० सालीच घेतली होती. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० पासून रस्त्यावर आहे. भारत एनकॅप या सरकारी धडक-चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळालेले आहेत. बॅटरीची दोन्ही कंपन्यांची हमी पहिल्या खासगी मालकाला दीर्घकाळाची आहे. म्हणजे नाव, सुरक्षा आणि हमी या तीन बाबींत डावे-उजवे करण्याजोगे फारसे नाही. फरक पुढे आहे.

बॅटरी आणि पल्ला

बॅटरीचे माप किलोवॅट-तासात सांगतात. घाबरू नका. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या मीटरवरचे एक युनिट. महिंद्राची गाडी ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटरीत मिळते, टाटांची ६५ आणि ७५ युनिटांच्या. एकदा भरल्यावर चालण्याचा जाहीर पल्ला असा :

महिंद्रा, ५९ युनिट : ५४२ किलोमीटर
महिंद्रा, ७९ युनिट : ६५६ किलोमीटर
टाटा, ६५ युनिट : ५३८ किलोमीटर
टाटा, ७५ युनिट : ६२७ किलोमीटर

हे आकडे चाचणीगृहातले आहेत. बियाण्याच्या पिशवीवर छापलेले एकरी उत्पादन आणि आपल्या शेतात पदरात पडणारे उत्पादन यांत जसा फरक असतो, तसाच इथे आहे. वेग, घाट, चार माणसे, सामान आणि थंडगार यंत्र हे सगळे पल्ला खातात. म्हणून एक सोपा हिशेब ठेवा. छापील आकड्याचा पाऊण भाग खरा माना, आणि त्यातलाही पाचवा हिस्सा राखीव ठेवा. या हिशेबाने लहान बॅटरीच्या दोन्ही गाड्या सुमारे सव्वातीनशे किलोमीटर निर्धास्त जातात. मोठ्या बॅटरीत महिंद्राची गाडी चारशेच्या जवळ जाते आणि टाटांची पावणेचारशेच्या.

आता आपले गाव मोजा. चेंबूरहून सातारा सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे लहान बॅटरी पुरते, मोठीसाठी जादा पैसे घालण्याचे कारण नाही. कोल्हापूर पावणेचारशेच्या आसपास. तिथे मोठी बॅटरी असली तरी वाटेत एकदा थांबावे. जलद चार्जरवर वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला महिंद्राच्या मोठ्या बॅटरीला २० मिनिटे आणि टाटांच्या गाडीला २५ मिनिटे लागतात, असे कंपन्या सांगतात. पण त्यासाठी चार्जरही तितक्याच ताकदीचा लागतो. साध्या चार्जरवर तास-दीड तास धरून चालावे.

प्लग कुठे आहे?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. गाडी रोज जिथे उभी राहणार तिथे तिचा चारा हवा. चेंबूरला इमारतीत हक्काची जागा आहे का? तिथवर आपल्या मीटरची तार नेता येते का? घरच्या जोडणीवर मोटार चार्ज करण्यास केंद्र सरकारच्या नियमांत मुभा आहे. पण तार सोसायटीच्या जागेतून जाणार, म्हणून सोसायटीचे पत्र गाडी नोंदवण्याआधी हाती असावे. पुनर्विकास झालेल्या पुष्कळ इमारतींत गाड्या यंत्राने एकावर एक चढवतात. अशा ठिकाणी वजनाची आणि लांबीची मर्यादा असते. या दोन्ही गाड्या बऱ्याच जड आहेत. महिंद्राची गाडी पावणेसोळा फूट लांब आहे, टाटांची पंधरा फुटांहून किंचित जास्त. शिवाय उचलत्या पाळण्यावर चार्जर बसवणे बहुधा जमत नाही. मुलाला आधी एवढे विचारून यायला सांगा.

आता गावचे घर. भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट जातात. रात्रीच्या दहा तासांत तीस युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटरची बेगमी. रिकामी मोठी बॅटरी पूर्ण भरायला मात्र दिवस-रात्र उलटून जाईल. गावातला दाब कमी-जास्त होत असेल तर वेळ आणखी वाढेल. म्हणून तीन गोष्टी करून घ्या. मीटरपासून जाड तांब्याची स्वतंत्र वायर ओढा, त्या वायरीला वेगळा एमसीबी लावा, आणि अर्थिंगचा खड्डा नवा करा. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक गाड्या चार्जच घेत नाहीत, आणि ते आपल्या भल्याचेच आहे. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वाढले तर बिलाचा स्लॅब बदलतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. शेतीपंपाच्या जोडणीवर मोटार लावू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बिल माफ आहे, म्हणून मोह होईल. पण ती वीज शेतीसाठी दिलेली आहे. तिचा दुसरा वापर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

रस्ता, सामान आणि माणसे

दोन्ही गाड्या पाच माणसांच्या आहेत. महिंद्राच्या गाडीची मागची डिकी ६६३ लिटरची आहे, शिवाय पुढे बॉनेटखाली १५० लिटरचा कप्पा आहे. टाटांची डिकी ५०२ लिटरची. परतीला तांदळाचे कट्टे, आंब्याच्या पेट्या, डाळी, पापड-कुरडया भरून देणाऱ्या आईच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. पण महिंद्राच्या गाडीचे छप्पर मागे उतरते आहे. आजीला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागच्या बाकावर दोनदा बसवून-उठवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

टाटांच्या गाडीचा एक गुण मात्र दुसरीत नाही. तिच्या वरच्या प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी असून चारही चाके ओढतात. महिंद्राच्या गाडीत फक्त मागची दोन. ज्यांचे घर डांबरी सोडून मैलभर चिखलात आहे किंवा वाडी चढावर आहे, त्यांना पावसाळ्यात हा गुण कामाचा. मात्र त्या प्रकाराची किंमत आली तेव्हाच २८.९९ लाख होती. गाव डांबरीला लागून असेल तर हे पैसे वाया. टाटांच्या गाडीतून घरातली उपकरणे चालवण्यापुरती वीजही काढता येते. वीज गेली तर दिवे-पंखे चालतील, पण तीन फेजचा पंप तिच्यावर चालवण्याचा विचार नको. पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी कितीही सांगो, भरल्या ओढ्यात कोणतीच गाडी घालू नये.

दोन्ही गाड्या सहा फुटांहून रुंद आहेत. गावातला बोळ टेपने मोजा. स्टेपनी सोबत मिळते की नुसते पंक्चरचे साहित्य, हेही लेखी विचारा.

पैशाचा ताळेबंद

घरच्या विजेचा दर दहा रुपये आणि एका युनिटला पाच किलोमीटर धरले, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला बावीस रुपये धरले, तर साडेचारच्या जवळ. तेवढ्याच मोठ्या डिझेल गाडीला लिटरला नव्वद रुपये आणि तेरा किलोमीटर धरून सात रुपये. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालली तर घरच्या विजेवर साठ हजार वाचतात. सगळे चार्जिंग बाहेर केले तर तीसच हजार. चेंबूरच्या प्लगची किंमत ही अशी आहे. २०२५ च्या राज्याच्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही आहे. पुण्यापुढच्या राष्ट्रीय महामार्गाचे टोल मात्र हिशेबात धरा.

आता दुसरी बाजू. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता महिना ३२ हजारांच्या पुढे जातो आणि एकूण व्याज सात लाखांवर. म्हणजे वर्षाला सरासरी लाखभर व्याज. वाचलेल्या डिझेलमधून ते फिटत नाही. 'गाडी आपले पैसे आपणच फेडते' असे कोणी सांगितले तर हा हिशेब पुढे ठेवा. दहा गुंठे विकून किंवा सातबारावर बोजा चढवून घेतलेली गाडी दारात शोभत नाही. गाडीची किंमत दरसाल उतरते. गेलेली जमीन परत येत नाही.

मग कोणती?

चेंबूरला हक्काचा प्लग आहे, गाव लांब आहे, रस्ता डांबरी आहे आणि सामान फार असते, तर महिंद्राची एक्सईव्ही नाईन ई. गाव तीनशे किलोमीटरच्या आत असेल तर तिचीही लहान बॅटरी पुरे. वाट चिखलाची वा चढाची, पार्किंगची जागा आखूड, घरात वयस्कर माणसे, तर टाटांची हॅरियर ईव्ही. चारचाकी ओढ खरोखर लागणार असेल तरच वरचा प्रकार घ्यावा. घरात माणसे सात असतील तर महिंद्राची नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली सात आसनी एक्सईव्ही नाईन एस पाहून मगच ठरवा.

चेंबूरला प्लग नाही, किंवा हप्त्यासाठी शेताकडे पाहावे लागते आहे, तर सध्या दोन्ही नकोत. मुलाला तसे स्पष्ट सांगा, पण रागावून नव्हे. कागद-पेन्सिल घेऊन वरचे आकडे त्याच्यासोबत मांडा. त्याच्या पगारातून हप्ता सुखाने जात असेल तर तो आनंदाने घेऊ द्या. बिनआवाजाची, बिनधुराची गाडी अंगणात आली तर आजीलाही कौतुकच वाटेल.