विश्लेषण : रविवर्मांची चित्रे तीच, मग कौल का बदलला?

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरच्या देवघरात पोहोचल्या.

हयातीत रविवर्मांचा मोठा गौरव झाला. स्वदेशीच्या काळात मात्र निकष बदलला. आनंद कुमारस्वामींसारख्या समीक्षकांना ही चित्रे नाटकी, पाश्चात्त्य वळणाची वाटली. अजिंठा, लघुचित्रे हाच ‘अस्सल’ वारसा ठरला.

१९७९ मध्ये सरकारने रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा म्हणून घोषित केली. त्यामुळे ती विक्रीसाठी परदेशात नेता येत नाहीत. एकेकाळी ‘बाजारू’ म्हटलेल्या छापील तसबिरी आता डिझाइनच्या इतिहासात अभ्यासल्या जातात.

चित्रे बदलली नाहीत. ‘भारतीय म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. देवघरातल्या भाविकांनी मात्र समीक्षकांची वाट पाहिली नव्हती.