हा डास चावत नाही!

संध्याकाळी क्रीम चोळून कट्ट्यावर जाता आणि डेंग्यूपासून वाचलो असं समजता? डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो, म्हणजे तुम्ही लेक्चरला पेंगत असता तेव्हा. त्यातही चावते ती मादीच. अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो.

याच नरावर ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीनं डोकं लढवलं. लॅबमध्ये त्याच्यात एक जास्तीचं जनुक घातलं. बाहेर सोडला की तो मादीला बरोबर शोधून काढतो (त्याला कुठलं ॲप लागत नाही), पण त्यांची पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मरतात. मग लॅबमध्ये ही जात टिकते कशी? तिथं त्यांना टेट्रासायक्लिन देतात. ते मिळतं तोवर जनुक गप्प बसतं.

ब्राझीलमध्ये असे डास उघड्यावर सोडले गेले. आणि आपल्याकडे? जानेवारी २०१७ मध्ये जालन्याजवळच्या दावलवाडीत ऑक्सिटेक आणि जीबीआयटी यांनी पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू केल्या. बियाण्यांसाठी प्रसिद्ध जालन्यात तेव्हा डासाचं वाण! पण पिंजऱ्याबाहेर सोडायचं तर केंद्राच्या जीईएसी समितीची परवानगी लागते.

परवानगीपेक्षाही अवघड आहे लोकांचा भरवसा. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर हरियाणातल्या सोनिपतला वंध्य नर सोडणार होते. पैसा अमेरिकेचा. जैविक युद्धाची तयारी चाललीय, असे आरोप छापून आले, प्रकरण संसदेत गेलं आणि १९७५ मध्ये डास सुटायच्या आधीच सगळं गुंडाळलं. तेव्हा व्हॉट्सॲपही नव्हतं! मला हे शास्त्र जाम आवडतं, पण माझ्या गल्लीत सोडण्याआधी गल्लीला नीट समजावून सांगा, विचारा, एवढी अट राहील.

शिवाय हे नर पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. तोवर आपल्या सोलापूरचं काय? नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारात बॅरल, मोरीत पिंप. एडिसला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठालगत, बॅरलच्या आतल्या बाजूला, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळं बॅरल नुसता उपडा करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून खसाखसा घासायचा, वर घट्ट कापड बांधायचं. आणि हो, हे काम आईवर ढकलू नका.