टाइमआउट वाढवून मेलेलं कनेक्शन उठत नाही

इलॅस्टिकसर्चला जोडलेल्या ॲपमध्ये अधूनमधून कनेक्शनची एरर आली, की कुणीतरी ठामपणे सांगतंच: ‘टाइमआउट वाढव!’ जावाच्या लो-लेव्हल क्लायंटमध्ये सॉकेट टाइमआउट मुळात 30 सेकंदांचा. मग तो 60 होतो, मग 120. आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सर्चला एरर पुन्हा हजर.

अहो, एरर कधी येते ते तरी बघा. भर गर्दीत सगळं सुरळीत आणि शांततेनंतरच्या पहिल्या रिक्वेस्टला गडबड होत असेल, तर सर्व्हरवरच्या लोडला कसा दोष देणार? क्लायंट लायब्ररी दर वेळी नवं कनेक्शन उघडत नाही. जुनी पूलमध्ये राखून पुन्हा वापरते. मधला लोड बॅलन्सर मात्र बराच वेळ गप्प असलेलं कनेक्शन विसरून जातो. अ‍ॅझ्युअरच्या लोड बॅलन्सरची ही मुदत मुळात 4 मिनिटांची आहे. ती संपल्यावर कनेक्शन गुपचूप टाकून देणं ही त्याची मूळ वागणूक, असं मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रं सांगतात. आणि लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह? चालू केलं तरी मूळ सेटिंगमध्ये त्याची पहिली विचारपूस 7200 सेकंदांनी. दोन तास! तोवर लायब्ररी त्या मेलेल्या कनेक्शनवर रिक्वेस्ट पाठवते आणि उत्तराची वाट बघत बसते. इथे टाइमआउट 30 वरून 120 केला, तर वापरणारा दीड मिनिट जास्त ताटकळतो, एवढंच.

मुदत उलट बाजूने लावायची असते. पूलमधलं रिकामं कनेक्शन 4 मिनिटांच्या आत लायब्ररीनेच बंद करावं, किंवा कीपअलाइव्ह 120 सेकंदांवर आणावं.

असेच आणखी काही ठाम दावे ऐकू येतात. ‘कर्लने तर चालतंय, म्हणजे लायब्ररीतच बग.’ कर्लची प्रत्येक कमांड नवं कनेक्शन उघडते. तिला हा आजार होणारच कसा?

‘रिफ्यूज्ड काय, टाइमआउट काय, एकच.’ नाही. रिफ्यूज्डमध्ये समोरून नकार तरी येतो, बहुधा त्या पोर्टवर कुणी ऐकत नसल्यामुळे. टाइमआउटमध्ये काहीच येत नाही.

‘स्निफिंग चालू ठेवलेलं बरं.’ म्हणजे नोडचे पत्ते लायब्ररीने नोडनाच विचारायचे. पण नोड डॉकरमध्ये असतील तर ते आपला आतला पत्ता कळवतात, आणि बाहेरच्या ॲपला तो सापडत नाही. आधी चाललेलं मग बिघडतं ते त्यामुळे.

‘रीट्राय लावला की झालं.’ सर्चपुरतं ठीक. पण आयडी न देता डॉक्युमेंट पोस्ट केलं, सर्व्हरने ते साठवलं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर रीट्रायमुळे तेच डॉक्युमेंट इंडेक्समध्ये दोनदा बसतं. आयडी ॲपनेच द्यावा.