सांदण दरी, हिवाळा आणि मुले

वाळवंटातील खोल, अरुंद घळींची छायाचित्रे आपण दिनदर्शिकांवर नेहमी पाहतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील अँटेलोप कॅन्यन हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. ती पाहून ‘आपल्याकडे असे काही नाही’ म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा साम्रदची वाट धरावी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या सावलीत हे गाव वसले आहे. गावाबाहेरील पठारावर जमीन एकाएकी दुभंगते. तीच सांदण दरी. दोन्ही बाजूंस दोनशे ते चारशे फूट उंचीचे कातळ, मधली वाट कुठे कुठे दोन माणसे जेमतेम जातील इतकी, आणि पुढे कोकणात उतरत जाणारी शिळांची रास. तळाशी ऊन पोहोचते ते भर दुपारी, तेही थोडा वेळ. कातळ मात्र आपल्या ओळखीचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडवलेल्या दख्खनच्या बेसाल्टचे दक्षिणेकडील टोक आपल्या बेळगावच्या आसपास येते.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही बेळगाव-निपाणीकडील पाच डॉक्टर कुटुंबे मुलाबाळांसह तेथे गेलो. कोल्हापूर, सातारा, पुणे, संगमनेर, राजूर असा पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. हिवाळाच का, असे घरच्या मंडळींनी विचारले होते. उत्तर सोपे आहे. घळ म्हणजे पाण्याने स्वतःसाठी कोरलेला रस्ता. पावसाळ्यात तो पाण्याचाच असतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले, तेव्हा वादळी पाऊस पडला होता तो काही मैल दूर, वरच्या अंगाला. हिवाळ्यात ती भीती नसते. त्या जागी थंडी येते, आणि थंडीला माणसे फारशी भीत नाहीत. त्यातून आम्ही बेळगावकर! थंडीचे आम्हांला काय कौतुक, असा सर्वांचाच आविर्भाव.

मुक्काम पठारावर तंबूत होता. निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता आकाशाकडे निघून जाते, त्यामुळे पहाटे तापमापकाचा पारा आठ अंशांवर आला. अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा एक अंगाखाली घालणे अधिक हिताचे, हे आमच्यातील पुष्कळांना तेथे प्रथमच उमगले. निपाणीच्या बाजारातून घेतलेल्या घोंगड्यांनी महागड्या जाकिटांना मागे टाकले. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. सुती कपडा भिजला की उलट अंगातील ऊब शोषून घेतो.

रात्री एका मित्राने धगधगत्या कोळशांची शेगडी मुलांच्या तंबूत ठेवण्याची सूचना केली. हेतू प्रेमाचाच होता, पण मी ती साफ मोडून काढली. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावून एका खोलीत झोपले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. झोपलेल्या माणसाला हा वायू जागे करीत नाही. आम्ही शेकोटी बाहेर केली, आणि विझवूनच झोपलो.

सकाळी गावातील दोन वाटाड्यांबरोबर दरीत शिरलो. थोड्याच अंतरावर पाण्याची डबकी लागतात; पहिले त्या दिवशी गुडघाभर होते, दुसरे कमरेच्या वर. बर्फासारखे पाणी. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते. त्यातच मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक. वडिलांच्या कमरेपर्यंतचे पाणी मुलाच्या छातीला लागते, हे वेगळेच.

पहिल्या डबक्यात आमच्यातील नऊ वर्षांचा एक मुलगा घसरून छातीपर्यंत भिजला. प्रथम हसला, मग कुडकुडू लागला. तोवर मला चिंता नव्हती. कुडकुडणे ही शरीराची स्वतःची भट्टी आहे. पंधरा-वीस मिनिटांनी तो गप्प झाला. सकाळपासून ज्याची टकळी थांबली नव्हती, तो विचारले तरच बोले, तेही अडखळत. सपाट खडकावरही ठेचकाळू लागला. शरीराचे आतील तापमान 35 अंशांच्या खाली जाऊ लागल्याची हीच चिन्हे. तापमापक बाहेर काढण्याची वाट पाहायची नसते. कुडकुडणे थांबले आणि मूल शांत झाले की पालकांना हायसे वाटते. प्रत्यक्षात तीच घटका धोक्याची.

ओले कपडे उतरवले, अंग न चोळता नुसते टिपले, कोरड्या कपड्यांवर घोंगडी गुंडाळली आणि त्याला सॅकवर बसवले, म्हणजे थंड खडकाचा स्पर्श नको. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून थर्मासमधील गोड चहा घोटघोट दिला. मागोमाग बेळगावचा कुंदा! कुडकुडण्यास इंधन लागते, आणि साखर व खवा यांहून तत्पर इंधन आमच्याजवळ नव्हते. अर्ध्या तासाने तो पुन्हा कुडकुडू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुढील कडा दोराने उतरायचा बेत मी तेथेच थांबवावा असे सुचवले. नाराजी झाली. एवढ्या लांबून आलो, मूल आता ठीक आहे, असे दोघांचे म्हणणे. हे दोघेही डॉक्टर, हे मुद्दाम नमूद करतो. पण तो कडा उतरल्यावर त्याच वाटेने परत फिरणे अवघड, आणि पुढे करोली घाटाने पुन्हा वर यायला उरलेला दिवस जातो. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातील नऊ जणांनी प्राण गमावले. त्या उंचीची आणि आमच्या दरीची तुलना नव्हे, पण परतीचे दार उघडे असताना वापरावे, हे दोन्हीकडे खरेच. वाटाड्या माझ्या बाजूने बोलला आणि वाद मिटला.

येत्या हिवाळ्यात जाणाऱ्यांनी प्रत्येक मुलाचे दोन कोरडे पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्यांच्या सॅकमध्ये ठेवावेत, एक घोंगडी दरीत सोबत न्यावी, आणि दुसरे डबके मुलांनी खांद्यावर बसूनच ओलांडावे. वाटाड्या साम्रदचाच घ्यावा. जेवणाचे गावात आधी सांगून ठेवले, तर परतल्यावर नागलीची भाकरी आणि पिठले गरम मिळते. आमच्या त्या रुग्णाने दोन भाकऱ्या खाल्ल्या.