रीब्रीदरला बेलआउट व्हॉल्व्ह बसवताना

तारकर्लीला पर्यटक ज्या स्कूबाने बुडी मारतात, त्यात सोडलेला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. रीब्रीदर तो वाया जाऊ देत नाही. उच्छ्वास नळीतून सोडा लाइमच्या डब्यात जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, खर्च झालेला ऑक्सिजन भरला जातो आणि तोच वायू पुन्हा तोंडाशी येतो. ही बंद वाट म्हणजे लूप. लूप बिघडली की माउथपीस बंद करून काढायचं आणि बाजूला लटकवलेला, सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटर तोंडात धरायचा, ही बेलआउटची जुनी रीत. बेलआउट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बीओव्हीमध्ये, रेग्युलेटर माउथपीसमध्येच असतो. दांडी फिरवली की लूप बंद, सिलिंडर चालू.

गैरसमज : ही चैन आहे. रेग्युलेटर बदलायला असा कितीसा वेळ लागतो?

वस्तुस्थिती : एरवी काही सेकंद. पण सोडा लाइम संपून कार्बन डायऑक्साइड साचला की धाप अशी लागते, की तोंडातलं माउथपीस एका श्वासापुरतंही सोडवत नाही. नेमका तिथेच हा व्हॉल्व्ह कामाला येतो. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र धाप लागत नाही, माणूस नकळत बेशुद्ध होतो. तिथे ऑक्सिजन दाखवणाऱ्या डिस्प्लेवरच नजर हवी. दांडी आपण होऊन फिरत नाही.

गैरसमज : बीओव्ही बसवला, म्हणजे बेलआउटची सोय झाली.

वस्तुस्थिती : व्हॉल्व्ह वायू देत नाही, वायू सिलिंडर देतं. अनेकजण तो यंत्रावरच्याच 3 लिटरच्या डायल्युएंट, म्हणजे लूपमधला ऑक्सिजन पातळ करणाऱ्या वायूच्या, सिलिंडरला जोडतात. 200 बारला भरलेल्या त्या सिलिंडरात साधारण 600 लिटर वायू. धापेत मिनिटाला 40 लिटर धरले, तर 40 मीटरवर, म्हणजे 5 बार दाबाला, तेच 200 लिटर होतात. तीन मिनिटांत खेळ खलास. वर येताना दाब घटतो, म्हणून थोडी सवलत मिळते हे खरं. पण वाटेत घ्यायच्या डिकंप्रेशनच्या थांब्यांना काही उरत नाही, आणि बुडी सुरू झाल्यापासून तेच सिलिंडर खर्च होत आलेलं असतं. म्हणून खोल जाणाऱ्याने नळी बाहेरच्या मोठ्या बेलआउट सिलिंडरला नेलेली बरी. शिवाय डायल्युएंटमध्ये 10 टक्केच ऑक्सिजन असलेलं ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण, असेल, तर 60 मीटरवर चालणारा तो वायू पृष्ठभागाशी माणसाला बेशुद्ध करू शकतो.

गैरसमज : कुठलाही व्हॉल्व्ह कुठल्याही यंत्राला चालतो.

वस्तुस्थिती : आटे जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नाही. युरोपचं ईएन 14143 हे मानक अख्ख्या यंत्राची परीक्षा घेतं, सुट्या भागाची नाही. उत्पादकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

गैरसमज : जुनं माउथपीस काढायचं, नवं लावायचं. दोन क्लॅम्पचं काम!

वस्तुस्थिती : क्लॅम्प आवळणं सोपं, पण खरी मेख आतल्या रबरी मश्रूम व्हॉल्व्हमध्ये. त्यातला एक जरी नीट टेकला नाही, तर सोडलेला श्वास डब्याकडे न जाता परत तोंडात येतो. तपासणी सोपी आहे : श्वासाची नळी दाबून आत ओढा, वायू येता कामा नये, उच्छ्वासाची नळी दाबून फुंका, जाता कामा नये. रेग्युलेटरचा भाग फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या, दाबाशी जुळवून घ्यावा लागतो. दाब जास्त झाला तर वायू आपोआप वाहू लागतो. गळतीची चाचणी दांडी दोन्ही टोकांना ठेवून करायची, कारण एका स्थितीत झाकलेली ओ-रिंग दुसऱ्या स्थितीत गळू शकते.

आणि दांडीची दिशा. 1879 साली इंग्लंड आणि वेल्सला जोडणाऱ्या सेव्हर्न बोगद्यात पाणी शिरलं, आणि 1880 साली हेन्री फ्लूस यांचं रीब्रीदर घालून पाणबुडे अलेक्झांडर लॅम्बर्ट अंधारात आत गेले. पाणी अडवायला त्यांनी लोखंडी दार लावलं, एक व्हॉल्व्हही फिरवला. पुढे पाणी उपसल्यावर कळलं की त्या व्हॉल्व्हचे आटे उलटे होते. तो आधीच बंद होता आणि त्यांनी तो उघडला होता. बीओव्हीची दांडीही न बघताच फिरवावी लागते; ती अर्धवट राहिली, तर लूपमधला दूषित वायूही सिलिंडरच्या वायूबरोबर ओढला जाऊ शकतो. म्हणून नवा व्हॉल्व्ह आधी उथळ पाण्यात, जाड हातमोजे घालून, न बघता टोकापर्यंत फिरवून पाहायचा, दोन्ही दिशांना.