खळगा खरा की शिंपला?

गणपतीनंतर अनेक घरांत थोडीफार शाडूची माती उरलेली असते. तिच्यात शिंपला दाबून ‘जीवाश्म’ करण्याचा खेळ आम्ही सुट्टीत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर केला. खेळ जुनाच. पण शेवटी एका मुलीने विचारले, “यातला जीवाश्म कोणता, खळगा की प्लास्टरचा शिंपला?”

आधी कृती पाहू. शाडू कणकेइतपत घट्ट मळून तिची दोन सेंटिमीटर जाडीची थापी करावी. शिंपल्याच्या रेघा असलेल्या बाजूला तेलाचे बोट फिरवून तो सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. पहिल्या खेपेस आमची माती सैल झाली. शिंपला चिकटला आणि ठसा फाटला. मग खळग्याभोवती मातीचीच कड उभारावी. एक वाटी पाण्यात सुमारे दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू सोडून ढवळावे व लगेच ओतावे. पाऊण तासाने माती सोलून काढली की शिंपल्याची प्रत हाती येते.

प्लास्टर पाणी धरून पुन्हा जिप्सम बनते, तेव्हा ते चांगलेच तापते. म्हणून मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यात हात बुडवून पंजाचा ठसा घेऊ देऊ नये. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते नळीतही घट्ट होते. हा धडा आम्ही पदरमोड करून शिकलो आहोत.

आता त्या मुलीचा प्रश्न. उत्तर आहे, दोन्ही. गाळात पुरलेला शिंपला गाळाचा खडक झाल्यावर विरघळून जातो आणि मागे पोकळी राहते, तो ‘साचा’. त्या पोकळीत पुढे गाळ किंवा खनिजे भरली तर ‘ओतीव’ जीवाश्म मिळतो. मूळ शिंपल्याचा कणही न उरता त्याच्या रेघा मात्र उरतात.

“पण आपल्याकडे तर सगळा काळा पाषाण,” अशी शंका येईलच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, हे खरे. परंतु दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचत आणि तळ्यांच्या गाळात गोगलगायी राहत. स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळी येथे असे जीवाश्म गोळा केले. शेताच्या बांधावरचा गोगलगाईचा रिकामा शंख शाडूत दाबताना ही गोष्ट सांगितली की मुले तो शंख जरा निराळ्याच नजरेने पाहतात. (जिवंत गोगलगाय कोणी आणणार नाही, एवढे पाहावे.)

आमच्या खेळात एक उणीव आहे. लाकूड दगड होते ते अशा ठशाने नव्हे. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे लाकडे, फळे, फुलेसुद्धा सिलिकामय दगडात टिकली आहेत. पाण्याबरोबर झिरपलेले सिलिका पेशीपेशींत साठत गेले, त्यामुळे आतली रचनाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. शाडूचा खळगा फक्त बाहेरचा आकार दाखवतो. ही तिसरी तऱ्हा समजण्यासाठी स्पंजचा तुकडा मिठाच्या संपृक्त द्रावणात भिजवून काही दिवस वाळवावा. छिद्रांत मीठ बसून तो कडक होतो. मात्र पाण्यात टाकला की पुन्हा मऊ पडतो. मोहगावचे लाकूड तसे पडत नाही, हा फरकही मुलांना स्वतःच करून पाहू द्यावा.